तोंडात चिमटे

"हॅलो?… हॅलो… हां, बोल गं. … नाही, झोपलो नव्हतो. … जेवलो. … अगं, जेवलो म्हणजे जेवलो, आता काय ताट दाखवू फोनमधून? … तुझं झालं? … मग आधी खाऊन घे ना बाळा. डबा उघडा टाकून बोलत बसतेस होय. … बरं. बरं, बोल."

ही नळनानांची लेक. दूर नोकरीला असते आणि दुपारच्या सुट्टीत न चुकता फोन करते. ती काय बोलते ते आपल्याला ऐकू येणार नाही, कारण नाना फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये घट्ट दाबून धरतात. उभा जन्म लोकांच्या ओट्यांखाली पाठीवर पडून, दोन्ही हातांनी नळांवर पाना फिरवण्यात गेला. फोन धरायला तिसरा हात कुठून आणणार? आता कामं सोडली, तरी मान अजून वाकडीच राहते. पुढ्यात टेबल आहे, टेबलावर बायकोचा कॉम्प्युटर आहे आणि नानांचा उजवा अंगठा त्याच्या डब्यावरच्या एका छोट्या गोल बटणापाशी आहे. तो तिथे कशाला आहे हे लेकीला माहीत नाही.

"कॉम्प्युटर? … आहे की. त्याच्यासमोरच बसलोय. … चालू आहे. … हो, पडतो ना बंद. मधूनमधून. … पडतो आणि आपला आपण परत सुरू होतो. … सकाळी? सकाळी पडला असेल दोन-चारदा, मोजत कोण बसतंय! … काय? … आज? आज येणार तो दुरुस्तीवाला? … अगं, मला विचारायचंस तरी! … म्हणजे आत्ताच की. … घरीच आहे, मी जाणार कुठे. पण पुसून टाकणार म्हणजे? … सगळं? … पार पाटी कोरी? … नको. … नको म्हणतो ना. … अगं, चांगला चाललाय. … हो, बंद पडतो, पण तसा चांगला आहे."

इथे थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर नानांना लोक उगाच हट्टी म्हणतील. हट्टी ते आहेतच, पण आजचं कारण वेगळं आहे.

बायको उन्हाळ्यात गेली. या कॉम्प्युटरवर ती कॉलेजच्या पोरांचे प्रबंध टाइप करून द्यायची. इतकी वर्षं बडवून बडवून तिने कळांवरची अक्षरं पुसून टाकली होती. ती गेल्यावर यंत्र तसंच पडून राहिलं. एका दुपारी नानांनी ते नुसतं चालतंय का बघायला सुरू केलं. धुळीने पंखा गच्च झालेला, त्यामुळे ते तापायचं, बंद पडायचं आणि आपोआप पुन्हा सुरू व्हायचं. हा बिघाड अगदी खरा होता. पण सुरू होताना काळ्या पडद्यावर आधी 'स्वागत' असं यायचं आणि त्याच्या वर, गोलात, ती. गॅलरीत कपडे वाळत घालताना मागे वळलेली, तोंडात दोन चिमटे धरलेली, आणि चिमट्यांमुळे धड हसताही येत नाही म्हणून जास्तच हसणारी. लेकीनेच कधीतरी तिचा फोटो काढून तिथे लावून दिला होता. ज्या फोनने काढला तो फोन पुढे बादलीत पडून मेला. नानांनी हा फोटो कधी पाहिलाच नव्हता, कारण ती कॉम्प्युटर लावायची तेव्हा ते दुसऱ्याच कुणाच्या मोरीत असायचे. पहिल्यांदा दिसली तेव्हा ते खुर्चीवरून उठून उभे राहिले होते.

चहाचा एक घोट घ्यावा इतका वेळ ती थांबायची आणि मग जायची. थोड्या वेळाने यंत्र तापून बंद पडलं की पुन्हा यायची. त्या दिवसांत नाना दुपारभर तिथून हलले नाहीत. मग लेकीने काळजीने दुरुस्तीवाला पाठवला, त्याने धूळ झाडली, नवा पंखा बसवला आणि यंत्र ठणठणीत झालं. बंद पडेना आणि मग ती येईना. नानांनी धीर धरून पाहिला. शेवटी एकदा इकडेतिकडे बघत, घरात दुसरं कुणी नसताना, अंगठ्याने ते बटण दाबलं. नेमका तेवढ्यात लेकीचा फोन आला, तिने यंत्र सुरू होतानाची धून ऐकली आणि विचारलं, अजून बंद पडतोय का? नाना "हो" म्हणून बसले. एवढ्या वयाचा बाप दुसरं काय सांगणार? त्या एका 'हो'वर लेकीने आता यंत्र धुऊन-पुसून कोरं करायची व्यवस्था केली होती.

"मी काय म्हणतो… पुसल्यावर आतलंच जातं ना? का दारावरचं पण जातं? … दार म्हणजे सुरू होताना जे दिसतं ते. … सहज विचारलं. … हो, आईची सगळी कामं तू उतरवून घेतलीस, माहीत आहे मला. ती आतली झाली. … म्हणजे स्वागतबिगत सगळं नवीन? … आणि त्याच्यावर चित्र कशाचं येतं मग? … राखाडी माणूस. … नाक-डोळे काहीच नाहीत त्याला? … बरं. … काही नाही गं, आवाजाला काय होतंय, ठसका लागला."

नानांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"काय? … फोनवरच बघू या? … आणि दोष सापडला तर पुसायला नको? … मग विचार की! विचार, विचार. … डब्याच्या मागे… हो, लावला हात. … गरम नाही. कोमट. … म्हणजे मांजराच्या पोटाइतका. … फिरतोय पंखा, वारं लागतंय हाताला. … वायर घट्ट आहे. … बाळा, घट्ट-सैल तू मला शिकवू नकोस, त्यावर तुला वाढवलंय. … भिंतीतलं बटण ठीक आहे. … पट्टी? कुठली पट्टी? … आतली, मेमरीची? ती होय. ती त्याने मागच्या खेपेला बाहेर काढून खोडरबराने घासली की. … अगं, खरंच, पोरं चित्र खोडतात तशी. मला वाटलं माझी चेष्टा करतोय. … बंद पडताना आवाज? … नाही… टक करतो. … एकदाच. … मग पडदा निळा होतो. … हो, निळा. … अक्षरं असतात. इंग्रजी. … चष्मा नव्हता लावलेला. … गेल्या वेळी काळा म्हणालो होतो? … म्हणजे निळसर काळा. … संध्याकाळच्या रंगाचा! … तू काय पोलिसात आहेस का गं?"

खोटं बोलायची सवय नसली की माणूस जास्त बोलतो.

"कुठला आवाज? … टप-टप? … तो नळ. गॅलरीतला. … हो, अजून गळतोच. … बघतो उद्या."

हा गॅलरीतला नळ म्हणजे त्या घरातली जुनी गोष्ट. सगळ्या वस्तीचे नळ ज्याने बंद केले त्याच्या घरचा नळ वर्षानुवर्षं ठिबकतोय. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. आणि त्यावर नानांचं उत्तर कायमचं ठरलेलं: बघतो उद्या.

"आता काय? … थांबायचं? … म्हणजे नुसतं बसून राहायचं, तो बंद पडेपर्यंत? … अगं, तुझी सुट्टी संपेल. … साहेबांना सांगून आलीस? कशाला उगाच. … बरं. … बसलो. … … नाही, अजून नाही पडला. … चालू आहे. … … हवा बरी आहे इकडे. … हं. … हो, कपडे धुतले. … अजून चालूच आहे. … …"

इकडे आड, तिकडे विहीर. यंत्र बंद पडलं नाही तर लेक विचारणार, मग रोज बंद कसं पडतं? आणि पडलं तर दुरुस्तीवाला जिना चढून येतोच आहे. नानांच्या दुखण्याशी यंत्राला काय देणंघेणं? ते आपलं शहाण्या पोरासारखं घूं-घूं करत बसलं होतं. नानांना एकाएकी वाटलं, आता पुसायचंच असेल तर पुसू दे, पण त्याआधी एकदा बघून घ्यावं. त्यांनी अंगठा दाबला.

"पडला! … बघ, बघ, पडला! … काय? … कसला खटका? … नाही गं, मी कुठे काय… … फोनवर ऐकू आला? … … हो. … … हो गं. मीच. … मीच दाबलं. … आज नाही फक्त, रोजच. … रागावू नकोस. आधी खरंच पडत होता, देवाशप्पथ, तो पंखा बसवल्यावर थांबला, मग मी… मला सांगायचं होतं तुला, पण ते… थांब. थांब जरा. एक मिनिट बोलू नकोस."

नाना पडद्याकडे बघत राहिले. गॅलरीत नळ ठिबकत होता आणि फोनमधून लेकीच्या कचेरीतला कसलासा गलका येत होता.

"… … हं. बोल आता. … नाही, यंत्राला काही झालं नाही. … तुझी आई आली होती. … अगं, डोकं ठिकाणावर आहे माझं, घाबरू नकोस. ते तू लावलेलं नाही का, गोलातलं, चिमटेवालं? सुरू होताना येतं बघ, 'स्वागत'च्या वर. … तेच. … तेवढ्यासाठी. … हो, तेवढ्याचसाठी दाबतो. … हॅलो? … आहेस ना? … रडू नकोस गं. लोक बघतील तिथे. … अगं, मी काय उपाशी आहे का, का आजारी आहे? एक बटण तर दाबतो. … … बरं, रड. मी आहे इथे."

तेवढ्यात दाराची बेल वाजली.

"आला तो. तू ठेवू नकोस, मी बघतो. … … या. या आत. … हो, मीच केला… म्हणजे लेकीने केला होता फोन. … बसा तरी. … नाही, पिशवी उघडू नका. काही बिघडलेलं नाही. … अहो, तुमचं काम पक्कंच होतं, पंखा झकास चालतोय. मीच बंद करत होतो. या अंगठ्याने. … का म्हणजे… सुरू होताना बायकोचा फोटो येतो. … … नाही, नाही, तुम्हाला काय माहीत, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता. … पाणी घ्या. … …"

दुरुस्तीवाला चांगला धिप्पाड गडी होता. डोक्यावरचं हेल्मेट काढायचं त्याला भान राहिलं नाही. पाणी पिऊन तो टेबलाशी आला, माऊस हलवून पडद्याच्या कोपऱ्यात काहीतरी दाखवलं, नानांकडून तेच दोनदा करून घेतलं आणि हळूच दार ओढून घेत निघून गेला.

"हां, गेला तो. … पुसलं नाही. हात नाही लावला त्याने आतल्या कशाला. … फक्त म्हणाला, काका, बटण दाबू नका, असं गळा दाबल्यासारखं बंद केलं की यंत्राला इजा होते. नीट बंद करून नीट सुरू करायचा रस्ता असतो, तो दाखवला. … म्हणाला, मग दिवसातून कितीही वेळा करा. … भला माणूस आहे. … हो गं, तुझी पण चूक नाही. तुला सांगितलंच नाही तर तू काय ज्योतिषी आहेस?"

"काय म्हणतेस? … मोठा करून? … पूर्ण पडद्यावर? … कायमचा राहील? … … नको. … अगं, नको म्हणजे तसं नाही, तू करशील प्रेमानेच. पण कायमचा आहे की एक. भिंतीवर आहे. त्यात ती कशी बसलीय बघ, ओठ मिटून, कुणीतरी 'नीट बस' म्हटल्यासारखी. घरात कधी अशी बसलेली बघितलीस तिला? … मग! … भिंतीवरची तिथेच असते. तिच्यापुढे मी जेवतो, झोपतो, चष्मा शोधतो, माझं लक्षसुद्धा जात नाही. … ही येते. आतून काहीतरी करता करता डोकावते आणि जाते. तशीच होती ना ती? एका जागी थांबली होती कधी? … हं. … हं. … नाही, मी नाही रडत. म्हातारपणी डोळे गळतातच. त्यांना वायसर नसतो."

नानांनी बाहीने डोळे पुसले आणि फोन दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"बोल. … आत्ता? … अगं, पण तुला दिसणार कसं? … सांगू? … बरं. सांगतो. तुझा डबा खाल्लास का पण? … एक घास तरी खा, मग लावतो. … खाल्लास? … खरंच? … बरं. त्याने दाखवलं तसं करतो, गळा नाही दाबत. … हं. बंद झाला. … काळा. … अजून काळाच. … घरघर सुरू झाली. … ठिपके फिरतायत गोल-गोल. … थांब… थांब… … आली. … आली बघ. … केस? विस्कटलेत. दोन बटा पुढे आल्यात. … निळा झगा. हो, तोच. … दोन चिमटे. एक लाल आहे. … तुझ्याकडेच बघतेय ना ही? काढताना तूच समोर होतीस. … … गेली."

नानांनी पाण्याचा पेला घेतला आणि या वेळी खरंच दोन घोट प्यायले. मग त्यांनी जे विचारलं ते त्यांच्या मनात गेले कित्येक दिवस घोळत होतं, पण विचारायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

"मी काय विचारतो… तू होतीस ना तिथे. … ती काहीतरी बोलणार आहे असं दिसतं त्यात. चिमट्यांमुळे बोलता येत नाहीये, पण बोलायचंय. … हो ना? तुला पण वाटतं ना? … मग चिमटे काढल्यावर बोलली असेल ती. ती काय गप्प बसणार! … आठवतंय तुला? … आठव. … घाई नाही, आठव सावकाश. … … काय? … हसतेस काय, सांग की! … … …"

लेकीने सांगितलं. नानांचा खांदा सैल झाला, फोन निसटला, तो त्यांनी दोन्ही हातांनी झेलला आणि पुन्हा कानाला लावला.

"परत सांग. … 'जगाचे नळ बंद करून झाले असतील तर…' … 'तर त्यांना म्हणावं, माझा हा गॅलरीतला बघा जरा.' … असं म्हणाली? … असंच? … आणि मी कुठे होतो? … कामावर. … आणि तू मला सांगितलं नाहीस? … सांगितलं होतंस? … आणि मी काय म्हणालो? … …"

काय म्हणाले असतील ते आपल्याला माहीत आहे. नानांनाही ते लेकीने सांगण्याआधीच आठवलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले. आधी ते हसले. मग त्यांना हसू आवरेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. फोन त्यांनी छातीशी धरला, म्हणजे तिकडे ऐकू जाऊ नये. पण या माणसाला फोन नीट धरता कधी आला होता? तिकडे सगळं ऐकू गेलं.

"… … हां. … हां, आहे. … मी ठीक आहे. … नाही, बरं झालं सांगितलंस. मी समजत होतो, तिला काहीतरी मोठं सांगायचं असेल. … नळाचंच होतं. … हो. … तीच ती. … अगं, एवढंसं काम आहे. आतला वायसर झिजलाय, बदलायचा, आणि वरून फिरकी आवळायची. इतक्या वर्षांत ते झालं नाही माझ्याच्याने. … …"

"चल, ठेवतो आता. … नाही, झोपत नाही. काम आहे. … पान्याची पिशवी काढायचीय माळ्यावरून. … स्टुलावर चढेन, पडत नाही. … आत्ताच. … उद्या नको गं. … इतकी घाई कशाला म्हणजे? … असं काय बोलतेस? तिने सांगितलंय ना. … हो. … हो, झालं की कळवतो. … ठेव तू. … बरं, मीच ठेवतो."

आणि नानांनी फोन ठेवला.